दोन भिंगं आणि दरेकसाची दरी

माझ्या यजमानांच्या खुब्याचं हाड दरेकसाच्या डोंगरात मोडलं. फोटो कुठून काढायचा ती जागा बघायला ते गेले होते. पावसाळा संपत आला होता, दगडांवर शेवाळ होतं, पाय घसरला. तिथल्या माणसांनी त्यांना खाटेवर घालून स्टेशनपर्यंत आणलं आणि गार्डाच्या डब्यातून ते गोंदियाला आले. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. डॉक्टरांनी पायाला फळ्या बांधल्या आणि सांगितलं की आता संक्रांतीपर्यंत तरी उठायचं नाव काढू नका.

बाजाराच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ होता. वर पत्रे, उत्तरेच्या बाजूला मोठी काचेची खिडकी आणि मागे कमानी आणि मोर रंगवलेला पडदा. लग्न ठरलेली मुलं, बाळंतपणाहून सासरी निघालेल्या मुली, विडीचे आणि धानाचे व्यापारी त्या पडद्यापुढे बसून फोटो काढून घेत. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला कॅमेऱ्यातलं काही कळत नव्हतं. हळूहळू मी काचेच्या प्लेटा धुवायला शिकले, मग डेव्हलप करायला, मग बारीक पेन्सिलीनं निगेटिव्हवरचे डाग भरायला. पुढे मारवाड्यांच्या घरच्या बायका परपुरुषासमोर बसायला तयार नसत, म्हणून त्यांचे फोटो मी काढू लागले. ह्यांना त्याचं कौतुक होतं. पण गावाच्या लेखी फोटोवाले म्हणजे हेच.

दरेकसाचं काम आलं होतं एका लाकडाच्या ठेकेदार शेठजींकडून. त्यांनी गोंदियात नवं घर बांधलं होतं, आणि बैठकीच्या भिंतीवर त्यांना जंगलाचा मोठा फोटो लावायचा होता. ज्या दरीतलं सागवान विकून हे घर उभं राहिलं, ती दरी त्यांना रोज डोळ्यांसमोर हवी होती. ते स्टुडिओत येऊन ह्यांना दोन्ही हात पसरून दाखवत म्हणाले होते, "टुकड़े-टुकड़े नहीं चाहिए मास्टरजी. पूरी घाटी चाहिए. पहाड़, रेल की लाइन, मेरा डिपो, सब एक में."

हे पडल्याचं कळलं तेव्हा शेठजी भेटायला आले. मोसंबी घेऊन आले, खाटेशेजारच्या खुर्चीवर बसले, बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "आप आराम कीजिए. मैं नागपुर से किसी को बुला लेता हूँ. देवउठनी के बाद गृहप्रवेश है, उसके पहले फोटो टँग जाना चाहिए."

कार्तिकी एकादशीला फार दिवस नव्हते. ह्यांनी मान भिंतीकडे फिरवली. मी दारात चहाचा कप घेऊन उभी होते. त्या क्षणी मी काही ठरवलं होतं असं नाही, पण कप खाली ठेवला आणि म्हणाले, "सेठजी, फोटो मैं निकालूँगी."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, ह्यांच्याकडे पाहिलं. मग हे भिंतीकडे तोंड ठेवूनच म्हणाले, "निकालेगी."

शेठजी गेल्यावर मामाजी, म्हणजे माझे सासरे, आत आले. ते शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झाले होते, आणि घरात त्यांचा आवाज कधी चढत नसे. तसा तो त्या दिवशीही चढला नाही. ते एवढंच म्हणाले, "बाईमाणसानं जंगलात पेटी घेऊन फिरणं मला पटत नाही. पण शब्द गेला आहे. मी सोबत येईन."

अडचण बाईमाणसाची नव्हतीच, भिंगाची होती. आमच्या कॅमेऱ्याला जे भिंग होतं ते चेहऱ्यांसाठी उत्तम. माणूस समोर बसला की डोळ्यातली चमकसुद्धा येई. पण त्याची नजर अरुंद. हे पडण्याआधी दरीच्या काठावर उभे राहून पाहून आले होते आणि त्यांचा अंदाज होता की आमच्या भिंगात दरी अर्धीच मावेल. लाइन आली तर डोंगर नाही, डोंगर आला तर डिपो नाही. रुंद नजरेचं भिंग पाहिजे होतं. नागपूरच्या एका विक्रेत्याकडे आमचं जाणंयेणं होतं. त्याच्याकडून दोन भिंगं पसंतीवर मागवली. पसंत पडेल ते ठेवायचं, दुसरं परत करायचं. दोन्ही ठेवण्याची आमची ऐपत नव्हती.

भिंगं आली ती अंड्यांइतकी जपून बांधलेली, कापसात आणि फडक्यात. एक मध्यम रुंद होतं, पितळेच्या नळीचं, मुठीएवढं. दुसरं फार रुंद, आणि दिसायला इतकं लहान की मामाजी म्हणाले, "हे बटण आहे की भिंग?"

मी कॅमेरा माडीच्या गॅलरीत लावला. मागच्या बाजूला एक धानाची गिरणी होती, उंच धुराड्याची. ह्यांची खाट मी दाराशी ओढून घेतली, म्हणजे मी काळ्या फडक्याखालून जे सांगेन ते त्यांना ऐकू येईल. आधी आपलं जुनं भिंग लावलं. कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर धुराडं आणि गोदामाचा अर्धा भाग उलटा दिसला. मध्यम भिंग लावलं तेव्हा पूर्ण गोदाम आलं, बाजूचा कडुनिंबही आला. मग ते लहान भिंग लावलं. काचेवर इतका अंधार होता की डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसू लागलं: धुराडं, गोदाम, निंब, शेजाऱ्यांचा गोठा, विहीर, आणि अगदी कडेला आमच्याच गॅलरीच्या टोकाला खुर्चीवर बसलेले मामाजी. मामाजी काडीसारखे होते. काचेवर मात्र ते कोहळ्यासारखे रुंद झाले होते.

मी फडक्याबाहेर येऊन सांगितलं तेव्हा हे हसले. पडल्यापासून पहिल्यांदा हसले.

"कडेला आलेलं माणूस तसंच ताणतं," ते म्हणाले. "डोंगराला काय फरक पडतो? डोंगर थोडा जाड झाला तर कोण विचारतंय?"

"आणि एक लाकडाची पट्टी दिसते. पार खाली."

"कॅमेऱ्याची फळी आहे ती. त्याची नजर एवढी रुंद आहे की स्वतःचीच फळी दिसते त्याला. मागची चौकट पुढे सरकव, म्हणजे जाईल."

तसं केलं आणि पट्टी गेली. हे म्हणाले, "हेच ठेवू. शेठजींना पूर्ण पाहिजे, हे पूर्ण घेतं. सोपा हिशेब आहे."

मला त्यात काहीतरी खटकत होतं. धुराडं या भिंगात अगदीच बारकं दिसलं होतं. ते मी बोलून दाखवलं. हे म्हणाले, "मोठा फोटो करताना सगळंच मोठं होतं. तू जाऊन काढून तर आण."

हाताला काम नसलं की ह्यांचं डोकं जास्त चाले. पडल्यापडल्या त्यांनी पुठ्ठ्याचा एक तुकडा मागून घेतला आणि त्यात आमच्या प्लेटएवढी खिडकी कापली. पुठ्ठ्याला दोरी बांधली आणि दोरीला दोन गाठी मारल्या, एक जवळची, एक लांबची. "गाठ डोळ्याखाली गालाला लावायची," त्यांनी मला दाखवलं, "आणि पुठ्ठा दोरी ताठ होईल इतका पुढे धरायचा. जवळच्या गाठीनं बघशील तेव्हा लहान भिंगाला जेवढं दिसतं तेवढं दिसेल. लांबच्या गाठीनं मध्यम भिंगाला दिसतं तेवढं. कॅमेरा न उघडता कळेल."

नवरात्र उलटल्यावर आभाळ निवळलं. सकाळच्या पॅसेंजरनं मी आणि मामाजी निघालो. मामाजींच्या हातात छत्री आणि दशम्यांचा डबा होता, माझ्याकडे प्लेटांची पेटी. कॅमेरा आणि तिपाई आम्ही बाकाखाली ठेवली होती. आमगाव, सालेकसा गेलं, आणि दोन्ही बाजूंनी झाडं गाडीच्या अंगावर येऊ लागली.

दरेकसाच्या स्टेशनवर एक गोंड बाई आमची वाट पाहत होती. ह्यांची खाट स्टेशनपर्यंत आणणाऱ्यांत तिचा नवरा होता. त्याच्याकडे निरोप दिला होता, पण तो रानात कामावर गेला होता, म्हणून ती आली होती. माझ्यापेक्षा वयानं थोडी मोठी असेल. तिनं कॅमेऱ्याची पेटी डोक्यावर घेतली, तिपाई बगलेत मारली आणि चालू लागली. वाटेत तिनं विचारलं, "तुझा मालक बरा आहे का?"

"बरा आहे. अजून उठता येत नाही."

"मंग तू काऊन आली? पहाड कुठं पळून जाते का?"

"दुसऱ्याला काम जाईल म्हणून आले."

तिला हे पटलं असावं, कारण मग तिनं पुन्हा काही विचारलं नाही.

हे जिथे पडले होते तिथेच एक सपाट दगड दरीवर पुढे आलेला होता. मी तिथे उभी राहिले आणि पहिल्यांदा ती दरी पाहिली. खाली पिकायला आलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, काही पिवळ्या, काही अजून हिरव्या. त्यांच्यामधून रेल्वेची लाइन वळण घेत आलेली. स्टेशनची कौलं. त्याच्या अलीकडे शेठजींचा डिपो, ओंडक्यांच्या रांगा. आणि पलीकडे डोंगर, एकामागे एक, सागानं आणि बांबूनं भरलेले, इतके जवळ वाटत होते की मान वर करावी लागत होती.

पुठ्ठा काढला. जवळच्या गाठीनं सगळं मावलं. लांबच्या गाठीनं डिपो आणि लाइनचं वळण बाहेर राहिलं. ह्यांचं म्हणणं बरोबर होतं. मी लहान भिंग लावलं, फडक्यात शिरले, त्या अंधुक काचेवर जमेल तसं फोकस केलं, भिंगाचं तोंड बारीक केलं आणि प्लेटा उघडल्या. मामाजींनी छत्री धरून भिंगावर ऊन पडू दिलं नाही. दुपारच्या गाडीनं आम्ही परत आलो.

संध्याकाळी लाल दिव्याखाली प्लेटा धुतल्या. दुसऱ्या दिवशी वाळल्यावर एक मी ह्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली आणि खूप वेळ पाहिली.

"सगळं आलं," ते म्हणाले.

"आलं. पण डोंगर आला नाही."

"हा काय इथे."

"ही टेकडी आहे. मी तिथे उभी होते तेव्हा मान वर करावी लागत होती."

त्या प्लेटमध्ये खाली माझ्या पायाखालचा दगड मोठाच्या मोठा पसरला होता, वर रिकामं आभाळ होतं, आणि मध्ये एका पट्टीत दरी, लाइन, डिपो, डोंगर सगळं दाटीनं बसवलं होतं. सगळं होतं आणि काहीच उभं राहत नव्हतं. हे म्हणाले मोठं करून बघ. मी मोठं केलं. कोपरे मऊ पडले, डिपोच्या जागी नुसते राखी ठिपके आले. तो कागद ओला असतानाच मी त्यांच्यासमोर धरला.

"शेठजींनी पूर्ण मागितलं," हे म्हणाले. त्यांचा आवाज आता चिडका झाला होता. "हे पूर्ण आहे. याच्यापेक्षा पूर्ण काय असतं?"

"शेठजींनी तो डोंगर खालून पाहिला आहे. तो अंगावर येतो तसाच त्यांना ठाऊक आहे. हा भिंतीवर लावला तर ते काही बोलणार नाहीत, पण बघणारही नाहीत. मी मध्यम भिंगानं काढते."

"त्यात मावत नाही. तूच सांगितलंस."

"मागे सरून मावेल."

"मागे जागा नाही. मी पाहिली आहे."

"तुम्ही पडलात तिथपर्यंतच पाहिली आहे."

बोलून गेले आणि मग मलाच ऐकू आलं. ह्यांनी कागद हातानं बाजूला सारला आणि डोळे मिटले. मामाजींनी जेवताना दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि आमटी वाढून घेतली.

सकाळी मी त्यांचं तोंड धुवायला तांब्या घेऊन गेले, तर हे पुठ्ठ्याची दोरी हातात घेऊन जागे होते. लांबची गाठ सैल झाली होती ती त्यांनी घट्ट केली होती. "त्या दगडाच्या वर बांबूचं रान आहे," ते म्हणाले. "दाट आहे. त्याच्या पलीकडे मी गेलो नव्हतो. उंची असेल तर मागे जाऊनही खालचं झाकलं जाणार नाही. बघ."

"बघते," मी म्हणाले.

"आणि पाय जपून टाक."

गृहप्रवेश जवळ आला होता. विक्रेत्याचंही विचारणं आलं होतं की कोणतं ठेवताय. मी दोन्ही भिंगं पिशवीत घेतली, पण मनात एकच होतं.

या वेळी ती बाई बांबूचं नाव काढताच थांबली. "तिकडं वाट नाही. काटे आहेत. कायले जातं तिकडं? खालून तं सारं दिसते."

"दिसतं, पण माझ्या काचेत मावत नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग मामाजींकडे. मामाजी म्हणाले, "तिला जायचं आहे. आपण जाऊ." मला त्यांच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

चढ वाईट होता. माझ्या नऊवारीचा काष्टा दोनदा काट्यात अडकून फाटला. तिपाई बाईनं पुढे नेली, प्लेटांची पेटी मी छातीशी धरली होती, मामाजी छत्री काठीसारखी टेकत होते आणि मध्येमध्ये श्वास घ्यायला थांबत. बांबूतून बाहेर आलो तर डोंगराची एक उघडी सोंड होती, तिच्यावर उंच गवत. मी पुठ्ठा काढला आणि लांबची गाठ गालाला लावून गवतातून हळूहळू मागे सरत राहिले. दरी चौकटीत येत गेली. डिपो आला. लाइनचं वळण आलं. डोंगर मात्र लहान झाला नाही. तो तसाच उभा राहिला, उलट समोरच्या दगडधोंड्यांच्या मानानं अधिकच मोठा वाटू लागला. अजून थोडं मागे गेले की डाव्या हाताची डोंगराची बाजूही पूर्ण बसेल, असं वाटलं आणि मी आणखी सरले.

"बाई, तिथं नको," मागून आवाज आला.

मी वळून पाहिलं. गवतात चार-पाच उभे दगड होते, त्यांवर शेंदूर, आणि एका काठीला पांढरं फडकं बांधलेलं.

"आमचे देव आहेत," ती म्हणाली. "त्यायच्या समोर त्यायच्याकडं पाठ करून नाई उभं राहत कोणी."

"किती लांब चालेल?"

तिनं थोडा विचार केला आणि खालच्या बाजूला चिंचेच्या झाडाएवढं मोठं मोहाचं झाड दाखवलं. "त्याच्या खाली. तिथून देव काही म्हणणार नाई."

मोहाच्या खाली म्हणजे बरंच पुढे. तिथून पुन्हा पुठ्ठा लावला तर डाव्या बाजूचा डोंगराचा खांदा कापला जात होता. मी गवतात बसले. पिशवीत ते लहान भिंग होतं. ते लावलं असतं तर खांदाही आला असता, सगळंच आलं असतं. मामाजी शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "आता?"

"काहीतरी सोडायला लागेल," मी म्हणाले.

"काय सोडशील?"

मी पुन्हा पुठ्ठा लावला. खांदा धरला तर डिपो जात होता. उजवीकडे वळलं तर डिपो आणि लाइन राहत होती आणि समोरचा मोठा डोंगर मधोमध येत होता. तो खांदा तसा बोडकाच होता, तिथे झाडांची तोड झाली होती. मी उजवीकडे वळले. "खांदा सोडते."

"शेठजी पूर्ण म्हणाले होते."

"हो. पण फोटो मला काढायचा आहे."

मामाजींनी उठून छत्री उघडली.

कॅमेरा लावला, मध्यम भिंग बसवलं. फडक्याखाली काच उजळ होती, पहिल्या वेळेसारखी चाचपडावं लागलं नाही. उलट्या दरीत ओंडक्यांच्या रांगा एकेक मोजता येतील अशा दिसत होत्या. पण वर वारा होता. तिपाई थरथरत होती. बाईनं न सांगता पिशवीतलं भिंग काढून माझ्या हातात दिलं, दगड आणून पिशवीत भरले आणि पिशवी तिपाईच्या मधोमध टांगली. मग ढग आला. डोंगरावर सावली पसरली आणि मी थांबले. सावली गेली की वारा येई, वारा पडला की सावली येई. स्टेशनवर दुपारची गाडी आली आणि गेली, तिची शिटी आम्ही वरूनच ऐकली. मामाजींचा हात छत्री धरून भरून आला होता. ते हात बदलत, पण छत्री हलू देत नव्हते.

"तवाच निघालो असतो तं घरी पोचलो असतो," बाई म्हणाली, तक्रार म्हणून नाही, सांगायचं म्हणून.

"थांब थोडं," मी म्हणाले. "आता मी प्लेट घेतल्याशिवाय उतरणार नाही."

ऊन कलायला लागलं आणि त्याबरोबर वाराही बसला. डोंगराच्या घळींत सावल्या भरल्या, त्यामुळे प्रत्येक सोंड वेगळी उठून दिसू लागली. सकाळीच प्लेट घेतली असती तर हे मिळालं नसतं. मी प्लेटीची स्लाइड बसवली, भिंगाची टोपी काढली, मनात मोजलं, टोपी लावली. दुसरी प्लेट लावली. पुन्हा. शेवटच्या प्लेटीला पुरेसं ऊन राहिलं नव्हतं म्हणून मी ती घेतलीच नाही.

संध्याकाळच्या मालगाडीच्या गार्डानं आम्हाला डब्यात घेतलं. ह्यांना आणलं होतं तोच गार्ड होता. त्यानं मामाजींना चहा दिला आणि माझ्या फाटलेल्या लुगड्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं.

प्लेट वाळल्यावर मी ती ह्यांच्या हातात दिली आणि खोलीबाहेर गेले. मला त्यांचा चेहरा बघायचा नव्हता. थोड्या वेळानं त्यांनी हाक मारली.

"डावा खांदा नाही," ते म्हणाले.

"नाही."

"बरं झालं. तिकडे तोड झाली आहे, नजर तिकडेच गेली असती." प्लेट अजून त्यांच्या हातातच होती. "इथे एवढ्या वर गेलीस तू?"

"मामाजीही आले होते."

"बाबा?" ते म्हणाले, आणि बाहेर गॅलरीत पेपर वाचत बसलेल्या मामाजींकडे पाहत राहिले. "मी सांगितलं असतं तर आले नसते."

मोठी प्रत आम्ही दोघांनी मिळून केली. मी मोठं करत होते आणि हे खाटेवरून सांगत होते कुठे जास्त उजेड द्यायचा, कुठे हातानं झाकायचं. पहिले दोन कागद बिघडले. तिसरा चांगला आला. वाळल्यावर ह्यांनी तो पडल्यापडल्याच छातीवर पाटाला टेकवून वरचे पांढरे ठिपके बारीक कुंचल्यानं भरले, कारण त्यांचा हात माझ्यापेक्षा स्थिर होता.

शेठजींना आम्ही तो त्यांच्या बैठकीत, भिंतीवर लावूनच दाखवला. हे येऊ शकत नव्हते, म्हणून मी आणि मामाजी गेलो. शेठजी दारातच थांबले. मग पुढे गेले, चष्मा लावला, फोटोच्या अगदी जवळ नाक नेलं आणि बोट न लावता हवेतल्या हवेत लाइनवरून फिरवत डिपोपर्यंत आले. "ये मेरा डिपो है," ते म्हणाले. "ये तीसरी कतार पिछले महीने की है." मग मागे सरून उभे राहिले आणि डोंगराकडे मान वर करून पाहू लागले. ते पाहताना मी त्यांच्या मानेकडे पाहत होते.

खांद्याबद्दल त्यांनी विचारलं नाही. मी सांगावं का असं मनात आलं. मग मीच म्हणाले, "सेठजी, बाईं तरफ का थोड़ा हिस्सा नहीं आया."

"कौन सा?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "वो? वो तो कट गया. उसे क्या देखना."

गृहप्रवेशाला आम्हाला बोलावणं आलं. शेठजी पाहुण्यांना फोटो दाखवत होते आणि कोणी विचारलं की सांगत होते, "मास्टरजी के घर से निकाला है." म्हणजे मी काढला आहे, असं. आमच्या गावात त्या काळी बायकोला असंच म्हणत, आणि ज्यांना कळायचं त्यांना ते कळलं.

लहान भिंग मी स्वतः कापसात बांधून नागपूरला परत पाठवलं. बांधताना हे म्हणाले, "चांगलं भिंग आहे. घराच्या आतल्या खोल्या काढायला उपयोगी पडेल कोणाला." मी म्हणाले, "पडेल." मध्यम भिंग आमच्याकडे राहिलं. कॅमेऱ्याला ते मी इतक्या वेळा लावलं आणि काढलं की पितळेचा रंग माझ्या बोटांच्या जागी पुढे उजळ झाला.

संक्रांतीनंतर हे काठी घेऊन चालू लागले, पण पाय आखूडच राहिला. स्टुडिओत उभं राहायला त्यांना अडचण नव्हती. चढउताराचं काम मात्र त्यांना पुन्हा जमलं नाही. त्यांनी त्याचं दुःख केलं असेल, माझ्यासमोर केलं नाही. लग्नाच्या मोसमात ते पडद्यापुढे माणसं बसवत आणि मी आत प्लेटा धूत असे, जशी आधी धूत होते. मग एखादी सकाळ अशी येई की मी तिपाई काढे आणि मामाजी न विचारता छत्री शोधायला लागत.

पुढच्या हिवाळ्यात तिरोड्याकडचे एक मालगुजार, म्हणजे जमीनदार, आले. त्यांना चोरखमाऱ्याच्या तलावाचा फोटो हवा होता, पाळीपासून, म्हणजे बांधापासून, पलीकडच्या झाडीपर्यंत. ते सवयीनं ह्यांच्यासमोर बसले आणि सांगू लागले. हे एका नवरदेवाच्या निगेटिव्हवर पेन्सिल फिरवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"बाहेरचं काम ही पाहते," ते म्हणाले. "तिला सांगा."

मालगुजार वळले. मी हात पुसले, वेताचा मोढा ओढून त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "तलाव तुम्ही रोज कुठून पाहता? पाळीवरून, की घराच्या माडीवरून?"